ठराव क्रमांक सात

प्रोसिडिंग बुकात माझं अक्षर सरळ येतं.
बावीस वर्षं ग्रामसेवक, तीन तालुके, एकच निळी शाई.
"सभेत असे ठरविण्यात येते की"
इथवर हात आपोआप जातो.
विचार करावा लागतो तो "की"च्या पुढं.

सोळा डिसेंबर. तहकूब सभा, म्हणून कोरमचं बंधन नाही.
समाजमंदिरात भजनी मंडळाचा माईक,
पुढं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
आणि दाराबाहेर ओट्यावर थांबवून ठेवलेल्या नऊ मुली:
आट्यापाट्या, सतरा वर्षांखालील,
राज्यात दुसऱ्या.

त्यांना आत बोलावलं सातव्या विषयाला.
आमदारांचं पत्र आलं होतं, सहीचा शिक्का मारलेलं.
"आपल्या कबड्डी संघाने मिळविलेले यश..."
उपसरपंचांनी ते तसंच वाचलं.
करुणा आत्राम मागून म्हणाली,
"कबड्डी नाई जी, पाट्या खेयतो आमी."
तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

शाली पाचच. तरतूद तेवढीच होती.
मग एक शाल दोघींच्या खांद्यांवरून,
अशा चार जोड्या,
आणि उरलेली मोनाली वाढई एकटीच अख्ख्या शालीत,
काही चुकल्यासारखी.
नारळ मात्र नऊ. ते मी माझ्या पैशानं आणले,
हे कुठं लिहिलेलं नाही.

मी लिहिलं: गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल.
मी लिहिलं: भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.
डंभारे की ढंभारे, हे दोनदा विचारून घेतलं.
सूचक गजाननराव, अनुमोदक बंडूभाऊ,
सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी शाळेला प्रत हवी म्हणून
करुणा ऑफिसात आली.
झेरॉक्सची मशीन गरम होईस्तोवर
ती टेबलाशी उभ्यानं वाचत राहिली.
आपलं पान वाचून झालं,
तर मागचं उलटलं.

ठराव क्रमांक सहा.
शाळेमागील मोकळी जागा, अर्धा एकर,
सोसायटीच्या गोदामासाठी देण्यात यावी.
सूचक गजाननराव, अनुमोदक बंडूभाऊ.
सर्वानुमते.
दोन्हीकडं माझंच अक्षर,
मध्ये फार तर पंधरा मिनिटं, एक चहा.

तिचं बोट एका शब्दावर थांबलं.
"मोकयी?"

त्या जागेत राखेनं आखलेल्या नऊ पाट्या आहेत,
मधोमध उभी सूरपाटी.
दर शनिवारी ढोक सर दोरी धरतात
आणि पोरी वाकून रेघ ओढत जातात,
घरोघरच्या चुलींची राख
युरियाच्या पिशवीत.
मी पाहिलंय. त्याच वाटेनं मी ऑफिसला येतो.
पण सातबाऱ्यावर राख दिसत नाही, बाई,
असं काहीतरी मला म्हणायचं होतं.
म्हटलं नाही.

पाटीवर उभी राहणारी पोर
समोरच्याचे पाय बघत नाही म्हणतात,
पाय खोटं बोलतात.
ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती.

"पुढची सभा कई हाये जी?"
"सव्वीस जानेवारी."
"बोलाले यादीत नाव लागते का?"
"मताला लागतं. अठरा पूर्ण."
"अन् बसाले?"
बसायला लागत नाही, असं मी म्हटलं.
माझ्या मते लागत नाही. परिपत्रक पाहावं लागेल.

प्रतीवरचा गोल शिक्का ओला होता.
तिनं त्यावर फुंकर मारली,
घडी न घालता कागद छातीशी धरून गेली.

सातव्या ठरावाखाली चार ओळी उरल्यात.
कोरी जागा सोडू नये,
तिरपी रेघ मारून सही करावी,
असा नियम आहे, मला तो पाठ आहे.
पेनाचं टोपण काढून
मी बराच वेळ बसलो होतो.
शाळेमागून आवाज येत होते.
रेघ अजून मारलेली नाही.